बंदुकीचा परवाना मागण्याआधी नियम 3 वाचा

डिसेंबर 2024 चा दुसरा आठवडा मराठवाडा विसरणार नाही. 9 डिसेंबरला बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून अमानुष खून करण्यात आला. 10 डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, त्याला हिंसक वळण लागले आणि मग पोलिसांचे कोंबिंग ऑपरेशन भीमनगरांच्या गल्ल्यांत शिरले. 15 डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणारा आपला तरुण सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला.

जालना जिल्ह्याची हद्द बीडलाही लागून आहे आणि परभणीलाही. त्यामुळे या दोन घटनांनंतर आपल्या विहारांतल्या बैठकांत, जयंतीच्या नियोजनात, मोबाईलच्या ग्रुपवर एक प्रश्न वारंवार येऊ लागला. गुंडांकडे बंदुका आहेत, सरकारकडेही आहेत, मग आम्हीच रिकाम्या हाताने का राहायचे? बौद्ध तरुणांना स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने का मिळू नयेत?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना भडक माथ्याचे म्हणून गप्प बसवणे सोपे आहे. आम्हाला ते मान्य नाही. प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट शोधले पाहिजे.

बीडच्या बंदुका, परभणीच्या लाठ्या

देशमुख यांच्या खुनानंतर बीड जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांचा आकडा बाहेर आला. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने होते. शेजारच्या परभणीत तेव्हा जेमतेम बत्तीस असल्याचे सांगितले गेले. कमरेला पिस्तूल लावून फिरणारे, हवेत गोळीबार करणारे व्हिडिओ लोकांनी पाहिले. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने असल्याचे समोर आल्यावर प्रशासनाने फेरतपासणी केली आणि शंभरहून अधिक परवाने रद्द झाले.

म्हणजे परवाना देण्याचा अधिकार कागदावर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा असला, तरी प्रत्यक्षात तो कोणाला मिळतो हे गावातली सत्ता ठरवते. ज्याच्या मागे पुढारी, वाळूचा पैसा आणि ठेकेदारी, त्याच्या कमरेला पिस्तूल. ज्याच्या जिवाला खरा धोका, त्याच्या हातात अर्जाची पोच. खासगी बंदूक ही ‘व्यक्तिस्वातंत्र्या’ची खूण आहे असे म्हणणाऱ्यांनी बीडकडे एकदा पाहावे.

पण परभणीने दुसरी बाजू दाखवली. ‘शस्त्रे फक्त सरकारकडे असावीत, सरकार सर्वांचे रक्षण करील’ हे वाक्य सोमनाथच्या आईसमोर कोण म्हणू शकेल? पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळायला 4 जुलै 2025 उजाडला, तोही मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे 30 जुलैला हरले. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात आपली दहा माणसे गेली. त्या गोळ्या परवानाधारक गुंडांच्या नव्हत्या, सरकारी होत्या. संबंधित अधिकाऱ्याला शिक्षा होण्यासाठी 2009 साल यावे लागले.

सरकारी बळाचा हा अनुभव केवळ आपलाच नाही. 1 सप्टेंबर 2023 ला आपल्याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठ्या पडल्या, अश्रुधूर सोडला गेला. त्यावर उपमुख्यमंत्र्यांना, म्हणजे तेव्हाच्या गृहमंत्र्यांना, क्षमा मागावी लागली. परभणीत मात्र न्यायासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. लाठी एकच असते. तिचा हिशेब देताना जात पाहिली जाते.

1936 चे बाबासाहेब आणि 1948 चे बाबासाहेब

1936 च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी विचारले होते की, एवढा अन्याय होऊनही हिंदुस्थानात सामाजिक क्रांती का झाली नाही? त्यांचे उत्तर असे की, चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र, शिक्षण आणि राजकीय सत्ता या तिन्हींपासून तोडले. युरोपातल्या दुबळ्या माणसाजवळ सैन्यात जाण्याची मुभा होती, मताचा हक्क होता, शिक्षण होते. इथल्या शूद्र-अतिशूद्रांजवळ काहीच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आपल्या पूर्वजांनी अर्जामागून अर्ज केले. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात तो हक्क होता, हा त्यांचा आधार. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. शस्त्रावर नियमनाचा अधिकार राज्याकडे असला पाहिजे, सरसकट हक्क देता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

यात विसंगती आहे का? आम्हाला वाटत नाही. ब्रिटिशांच्या 1878 च्या शस्त्र कायद्याखाली युरोपियनांना परवान्याची गरज नव्हती, हिंदी माणसाला होती. तेव्हाची मागणी समानतेची होती. आणि बाबासाहेबांची 1936 ची तक्रार संपूर्ण समाजाला निःशस्त्र, निरक्षर आणि सत्ताहीन ठेवण्याविरुद्ध होती. घराघरात बंदूक हवी असे त्यांनी म्हटले नव्हते. 1948 मध्ये ते असे राज्य उभे करत होते, ज्यात शस्त्र कायद्याच्या ताब्यात राहील आणि कायदा मतदाराच्या. सरसकट बंदुका वाटल्या तर त्या गावात पहिल्यांदा कोणाच्या हाती जातील, हे वेशीबाहेर वाढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होते.

आजही कायद्याची स्थिती तीच आहे. शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क भारतात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा सांगितले. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो तो परवाना.

पँथरच्या नावातला धडा

अमेरिकेत मात्र हा हक्क 1791 पासून संविधानात आहे. तो सर्वांना मिळाला का? गुलामी संपल्यावर लगेच, 1865 मध्ये, मिसिसिपीसारख्या राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना बंदूक बाळगण्यास मनाई करणारे कायदे केले. पुढे 1967 मध्ये ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते कॅलिफोर्नियात उघडपणे, कायद्यानुसार बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांवर नजर ठेवू लागले. तेव्हा त्याच वर्षी राज्याने कायदा बदलला आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. बंदुकीचा हक्क पवित्र होता, पण ती काळ्या हातात दिसेपर्यंतच.

1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती याच ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. नाव घेतले, पण बंदूक घेतली नाही. पँथरची धार भाषणात, कवितेत, मोर्चात आणि अत्याचाराच्या गावात जाऊन उभे राहण्यात होती. हा दुबळेपणा होता असे कोणी म्हणणार नाही.

आपला कायदा काय म्हणतो

सप्टेंबर-ऑक्टोबर 2020 मध्ये हाथरसच्या घटनेनंतर चंद्रशेखर आझाद यांनी वीस लाख बहुजनांना बंदुकीचे परवाने द्या, अशी मागणी केली. तिच्यावर देशभर वाद झाला. पण त्या वादात एक गोष्ट फार थोड्यांनी सांगितली. ही तरतूद पंचवीस वर्षांपूर्वीच झालेली होती.

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा 1989 चा. त्याखालील नियम 1995 चे. त्यातील नियम 3(1) अत्याचार होण्याआधी सरकारने काय करायचे ते क्रमाने सांगतो. आधी अत्याचाराचा धोका असलेली गावे, वस्त्या निश्चित करा. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना तिथे पाठवा. त्यानंतर, गरज असेल तर, त्या भागातील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करा. बेकायदा शस्त्रे जप्त करा. आणि त्यानंतर, गरज वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्या. याच नियमात विशेष पोलीस दल नेमणे आणि दर तिमाहीला आढावा घेणेही आहे.

हा क्रम नीट वाचावा. आपल्याला बंदूक देण्याआधी कायदा दुसऱ्याच्या हातातली काढून घ्यायला सांगतो. सत्ताधाऱ्याला निःशस्त्र करणे ही पहिली पायरी आहे. आपली मागणी मात्र नेहमी थेट शेवटच्या पायरीपासून सुरू होते आणि त्यामुळे प्रशासन सुटते. परवान्याचा अर्ज नाकारला की विषय संपला. गाव निश्चित का केले नाही, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आणखी एक कटू सत्य. आपल्यावरचे अत्याचार बहुतेक वेळा बंदुकीने होत नाहीत. खैरलांजीत 2006 मध्ये काठ्या, कुऱ्हाडी, साखळ्या होत्या. एप्रिल 2014 मध्ये जालना जिल्ह्यातील नानेगावचे दलित सरपंच मनोज कसाब यांचा जीव मारहाणीने गेला. मस्साजोगचा खूनही बंदुकीने झाला नाही. चार घरांच्या वस्तीवर गाव चालून आले तर एका घरातले पिस्तूल किती वेळ पुरणार? उलट त्याच पिस्तुलाचा आधार घेऊन आपल्या पोरावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागेल. दारू पिऊन भांडणाऱ्या घरात ते बाईच्या जिवावर उठेल ते वेगळेच.

धम्म काय सांगतो

पंचशील घेणाऱ्याने स्वतःचा बचाव करू नये, असे बुद्धाने सांगितलेले नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हे स्पष्ट केले आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक आहे. खासगी संरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्येही आहे, त्याला बंदुकीचा परवाना लागत नाही.

पण तथागतांनी शस्त्रांचा व्यापार उपासकाला वर्ज्य सांगितला, हेही विसरू नये. स्टेटसला पिस्तुलाचा फोटो, जयंतीच्या मिरवणुकीत नाचवलेली तलवार, कुठून तरी आणलेला गावठी कट्टा हा स्वाभिमान नाही. हा शस्त्र कायद्याखालचा गुन्हा आहे. परवान्याच्या बंदुकीनेही आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली तर 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एका रीलपायी ज्या तरुणाची नोकरी जाते, त्याला जामिनासाठी आईचे दागिने मोडावे लागतात.

जालन्यात आपण काय करायचे

जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी या आठही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांना आमचे आवाहन आहे.

एक. माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा: जिल्ह्यात शस्त्र परवाने किती? त्यांपैकी किती परवानाधारकांवर अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हे आहेत? नियम 3 खाली कोणती गावे निश्चित केली? किती परवाने रद्द केले? अनुसूचित जाती-जमातींचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले?

दोन. नियम 17 प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी झाली पाहिजे. मागील दोन वर्षांची इतिवृत्ते मागा. नियम 16 खाली मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समिती वर्षातून दोनदा बसली पाहिजे, तिचाही हिशेब मागा. अधिकाऱ्याने कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली तर कलम 4 आहे.

तीन. ज्यांच्या जिवाला खराच धोका आहे, साक्षीदार, सरपंच, तक्रारदार, त्यांनी परवान्याचा अर्ज जरूर करावा. अर्जात नियम 3 चा उल्लेख करावा. ‘तुमच्याकडे मालमत्ता नाही’ एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, हे शस्त्र कायद्याच्या कलम 14 मध्ये लिहिले आहे. नकाराची कारणे लेखी मागा आणि कलम 18 खाली अपील करा.

चार. जातीचे प्रमाणपत्र तयार ठेवा. 1990 पासून बौद्धांना अनुसूचित जातीचे संरक्षण आहे, पण ठाण्यात विचारला जातो तो कागद.

आम्ही बंदुकीचा हक्क सोडून द्या असे म्हणत नाही. तो शेवटचा उपाय आहे आणि त्याच्या आधीच्या सगळ्या पायऱ्या सरकारला चढायला लावणे हे आपले काम आहे. सोमनाथची आई विजयाबाई लेकाच्या न्यायासाठी उभ्या राहिल्या, त्या वकील, शवविच्छेदनाचा अहवाल आणि संविधान घेऊन. ज्या यंत्रणेकडे सगळ्या बंदुका आहेत, तिला त्यांनी कोर्टात उत्तर द्यायला लावले.

नमो बुद्धाय. जय भीम.