सुजलेला हात पदराआड नको

मालाडच्या एक भगिनी लिहितात : “स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. आता त्याच बाजूचा हात सुजतो, बांगडी चढत नाही. सासूबाई म्हणतात, हत्तीरोग असेल. तेल लावून रगडू का?”

भगिनी, रगडू मुळीच नका. काखेतल्या गाठी काढल्या, की हातातला लसिका नावाचा द्रव परत वाहायला वाट कमी पडते व तो साचतो. हत्तीरोगात हीच वाट डासामार्फत शिरलेले जंत बिघडवतात. तुमची सूज कुणाला लागत नाही.

ऑपरेशन झालं तिथे आधी हात दाखवा. आजार उलटला नाही ना, हे डॉक्टरांनाच पाहू द्या. मग फिजिओथेरपिस्टकडून हलका मसाज, व्यायाम नि पट्टी बांधणं शिका. मापाची घट्ट लवचिक बाही मिळते, तीही त्यांच्याच सल्ल्याने घ्या.

घरी हात रोज धुऊन कोरडा करा, त्वचा मऊ ठेवा. भांडी घासताना रबरी हातमोजे घाला, घट्ट बांगड्या उतरवा. हात मात्र अगदी स्वस्थ ठेवू नका. तो लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सूज पुरती जाईलच असं नाही. पण वेळीच उपचार केले तर आटोक्यात राहते. म्हणून ती लपवू नका.