नोंदच नसलेल्या खेळाडूचे काय?

केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी चंडीगड येथे ‘कीर्ती’ या नावाने क्रीडागुणांचा शोध घेणारी योजना सुरू केली. ९ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या चाचण्या घ्यावयाच्या आणि त्या आकड्यांवरून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने, कोणाच्या अंगी खेळाचा गुण आहे याचे भाकीत करावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. निवडीतील वशिलेबाजीला विटलेल्यांना ही कल्पना रुचावी यात नवल नाही. यंत्राला मामा-काका नसतात!

आकडे डोळ्यांपुढे असूनही संधी हुकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. अमोल मुजुमदार यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत ११ हजारांहून अधिक धावा व ३० शतके केली. पण भारताच्या कसोटी संघात ते कधीच आले नाहीत. त्या काळी मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. तेव्हा यंत्रानेही कदाचित हाच निकाल दिला असता.

वाशिमच्या मुलाची अडचण मात्र निराळी आहे. त्याचे आकडेच नाहीत. रिसोड-मानोऱ्याकडे पीक निघालेल्या शेतात रंगणाऱ्या टेनिस बॉलच्या सामन्याचा धावफलक दुसऱ्या दिवशी कोणापाशी सापडणार? शालेय स्पर्धेत पहिला कोण आला हे कागदावर राहते. किती सेकंदांत, हे बहुधा राहत नाही. २०२४-२५ च्या रणजी हंगामात ६९ बळींचा विक्रम करणाऱ्या विदर्भाच्या हर्ष दुबे यांना हुडकण्यास यंत्र लागत नाही. प्रश्न आहे तो उमेश यादव यांच्यासारख्यांचा. नागपूरजवळच्या वलनी येथील कोळसा खाणकामगाराचा हा मुलगा टेनिस बॉलवर खेळत होता, पोलीस भरतीची खटपट करीत होता. २००८ मध्ये तो रणजी खेळला आणि २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू ठरला. त्याचा वेग आधी कोणा जाणत्याच्या नजरेत भरला. आकडे मागाहून आले.

शिवाय यंत्र शिकते ते जुन्या नोंदींवरून, आणि त्या असतात प्रामुख्याने शहरांतल्या मैदानांच्या. बाराव्या वर्षी उंची कमी भरली तर तो गुणाचा अभाव की दुधाचा, हे आकडा सांगत नाही. नीती आयोगाने २०१८ मध्ये वाशिमला आकांक्षित जिल्ह्यांत घातले तेव्हा प्रगती मोजण्यास ४९ निर्देशांक ठरविले. त्यांत खेळाला जागा नव्हती.

म्हणून योजनेला विरोध करावा असे नाही. पण यंत्राची मागणी करण्यापूर्वी जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांतील शालेय स्पर्धांत प्रत्येक धावकाची वेळ आणि प्रत्येक उडीचे अंतर, शेवटच्या क्रमांकापर्यंत, वहीत उतरले पाहिजे. त्यास लागते एक घड्याळ, एक फीत आणि क्रीडाशिक्षकाचा मोकळा वेळ. यांतील तिसरी वस्तू मिळवून देणे हे शिक्षण विभागाचे काम आहे, आणि ते येत्या हंगामापासून सुरू करता येईल.