शंभरातल्या सात जागा

परवा मंचरच्या एसटी स्टँडवर शाळेतला जुना मित्र भेटला. चहा झाला, मुलांची चौकशी झाली आणि गाडी नेहमीच्या विषयावर आली. "अमेरिकेनेसुद्धा बंद केलं! आपल्याकडेच अजून लाड चाललेत."

त्याचा रोख २९ जून २०२३ च्या निकालावर होता. हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. तिथला वाद मुख्यतः वर्गात विविधता कशी आणावी याचा होता. आपल्या घटनेत मात्र १९५१ सालीच कलम १५(४) आलं. ते कुणाच्या हौसेसाठी नव्हतं.

डिंभे धरणाच्या पलीकडे आहुप्याला जा, किंवा जुन्नरच्या पश्चिमेला घाटघर, हातवीजला. महादेव कोळी, ठाकर, कातकरी. पावसाळ्यात भात-नाचणी, एरवी हिरडा गोळा करायचा. आश्रमशाळेत शिकलेली इथली मुलगी आणि पुण्यात दोन वर्षं क्लास लावलेला मुलगा एकाच प्रवेशपरीक्षेला बसतात. गुण मोजायचे, पण सुरुवात कुठून झाली ते मोजायचंच नाही? आणि डॉक्टर होताना शेवटची परीक्षा दोघांना एकच असते, तिथे कुणाला सवलत नाही.

बरं, गुणवत्तेचा एवढा कळवळा आहे ना? मग खोट्या दाखल्यांवर कधी बोललात? राज्यात अनुसूचित जमातींना शंभरात सात जागा. त्यांवरही डल्ला! महादेव कोळी असल्याचा खोटा दावा करून घेतलेल्या वैद्यकीय प्रवेशाचं प्रकरण १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निघालं आणि दाखले तपासण्याची कडक पद्धत त्यातून आली. २००० मध्ये हलबा-कोष्टी प्रकरणात न्यायालयाने दावा फेटाळला, पण मिळालेली पदवी शाबूत ठेवली. दाखला खोटा ठरला की प्रवेशही जाणार, हे ठामपणे सांगायला २०१७ साल उजाडलं.

एवढ्या वर्षांत वकील, सरकार, दाखलेवाले सगळे कोर्टात होते. नव्हती फक्त ती, जिची जागा गेली. आपलं काही गेलंय, हे तिला कळलंसुद्धा नसेल. ती कुठेतरी भात लावत असेल.

मित्राचा एक प्रश्न मात्र रास्त होता. आदिवासी अधिकाऱ्याच्या मुलाला सवलत कशाला? खरंय, कातकऱ्यांचं पोर अजून मागेच आहे. त्यावर त्या सात जागांच्या आतच आधी कातकऱ्यांच्या पोराला घ्या, अशी मागणी करू, मीही तुझ्याबरोबर येतो. पण त्या नावाखाली सातच्या सातच काढून घ्यायच्या, हे कुठलं गणित?

तेवढ्यात त्याची गाडी लागली. "पुन्हा बोलू," म्हणाला.

असो. तोवर एवढंच करा. पुढच्या वेळी 'गुणवत्ता' हा शब्द तोंडात आला, की आधी चोरीला गेलेल्या जागा मोजा.