संसाराचा हिशेब : पुतण्याची फी

जून-जुलैचे दिवस आले कीं आमच्याकडील मध्यम स्थितीच्या घरांत दोनच गोष्टी बोलल्या जातात : पाऊस आणि प्रवेश. वर्धा जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर कपाशी-सोयाबीनची पेरणी आणि कॉलेजची फी ह्या दोहोंचा तगादा एकदमच लागतो, आणि पैसा बहुधा एकाच पेटींतून काढावा लागतो. ह्या खेपेस पेरणी बाजूस ठेवून आम्ही फीचाच विचार करणार आहोंत. कारण ती कोणीं भरली ह्यावर सरकार ती हिशेबांत धरील कीं नाहीं हें ठरतें. आणि एकत्र कुटुंबांत ‘कोणीं भरली’ हें विचारण्याची रीतच नसते.

उदाहरणादाखल एक घर डोळ्यांपुढें आणूं. थोरले बंधु आर्वी तालुक्यांत शेती पाहतात. मधले वर्धेस प्राध्यापक आहेत. धाकटे नागपुरास नोकरीला आहेत. थोरल्यांचा मुलगा सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जातो, वर्धेस काकांच्या घरीं राहतो, काकूच्या हातचें जेवतो, आणि त्याची फी काका भरतात. घरांत ह्याला कोणी उपकार म्हणत नाहीं, कारण ह्याच काकांना थोरल्यांनीं एके काळीं शेतीच्या उत्पन्नांतून शिकविलेलें असतें. प्राप्तिकराच्या कायद्याला मात्र हें घर दिसत नाहीं. त्याला दिसतात ते तीन निरनिराळे करदाते, आणि प्रत्येकाचीं स्वतःचीं मुलें.

१९६१ च्या कायद्यांतील कलम ८० सी मध्यें शिक्षण-शुल्काची वजावट २००५ सालीं आली. वजावटीची एकंदर मर्यादा २०१४ पासून दीड लाख रुपये आहे, आणि त्यांतच भविष्यनिर्वाह निधि, विम्याचे हप्ते वगैरे सर्व कांहीं बसवावें लागतें. शुल्क भारतांतील संस्थेचें, पूर्णवेळ शिक्षणाचें, आणि करदात्याच्या स्वतःच्या दोन मुलांपुरतें असावें लागतें. पतिपत्नी दोघेंही कर भरीत असतील तर प्रत्येकास दोन मुलांची मुभा आहे. पुतण्या, भाचा, नातू ह्यांना येथें जागा नाहीं. फार काय, ज्या कायद्यानें अविभक्त हिंदु कुटुंबाला स्वतंत्र करदाता म्हणून मान्यता दिली आहे, त्याच कायद्यांत त्या कुटुंबानें भरलेल्या फीला वजावट नाहीं. विम्याच्या हप्त्याला आहे, फीला नाहीं! हा भेद आम्हांस चमत्कारिक वाटतो. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास लागू होतो; त्यांत कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण पुतण्याची स्थिति तीच आहे.

एकत्र कुटुंबाच्या पैशावर शिकलेला मुलगा कोणाचा, हा वाद जुना आहे. एका सनदी अधिकाऱ्याचें शिक्षण कुटुंबाच्या खर्चानें विलायतेंत झालें होतें. त्याची कमाई ही कुटुंबाची, त्याची एकट्याची नव्हे, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलनें १९२१ सालीं गोकलचंद विरुद्ध हुकुमचंद ह्या खटल्यांत दिला. त्यामुळें शिकलेल्या प्रत्येक हिंदु गृहस्थाच्या पगारावर भाऊबंदांचा हक्क सांगितला जाण्याची वाट मोकळी झाली. ती बंद करणारें विधेयक बॅ. मुकुंदराव जयकर ह्यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत आणलें, आणि १९३० सालीं हिंदु विद्याधन कायदा झाला. शिक्षणाचा खर्च कुटुंबानें केलेला असो वा नसो, विद्येच्या जोरावर मिळविलेलें धन मिळविणाराचेंच, असें त्यानें ठरविलें. जयकरांचें करणें योग्यच होतें, ह्याबद्दल आम्हांस शंका नाहीं. परंतु परिणाम असा कीं, काकांनीं खर्च केला तरी पुढील कमाईवर त्यांचा हक्क नाहीं, आणि खर्च करतांना करांतही सवलत नाहीं. दोन्हीं बाजूंनीं तो व्यवहार निव्वळ मायेचा उरला.

ह्यांतून सरळ मार्ग एकच दिसतो. काकांनीं पैसे भावाला द्यावे व भावानें आपल्या खात्यांतून फी भरावी. भावाभावांतील देणगीवर कर नाहीं. पावती बापाच्या नांवानें होते. मात्र थोरल्यांना करपात्र उत्पन्न असेल तरच ह्याचा उपयोग. केवळ शेतीवर असणाऱ्यास मुळांत प्राप्तिकरच नाहीं, तेव्हां वजावट कशांतून करावयाची? अशा घरांत हा खटाटोप न केलेलाच बरा. पुतण्या अठरा वर्षांचा झाला असेल तर काकांनीं त्याला थेट रक्कम दिली तरी ती करमुक्तच राहते, आणि बॅंकेंत ठेविली तर पुढील व्याज त्याच्याच नांवें धरलें जातें. त्याचें स्वतःचें उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आंत असल्यास त्यावर कर लागत नाहीं. काकांच्या वाट्याला कायद्यानें दिलेली सवलत म्हणावयाची तर हीच.

येथें एका भ्रमाविषयीं सांगितलें पाहिजे. पुष्कळ गृहस्थ मार्च महिन्यांत फीच्या पावत्यांची जुळवाजुळव करतात; पण २०२३-२४ पासून नवी करपद्धति ही मूळची धरली जाते, आणि तींत ना फीची वजावट आहे ना शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची. आमच्या प्राध्यापकांचें वार्षिक वेतन १४ लाख धरूं. २०२५-२६ च्या दरांनीं नव्या पद्धतींत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन कर व उपकर मिळून ८१,९०० रुपये होतात. जुन्या पद्धतींत ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि पूर्ण दीड लाख वजा करूनही १,७९,४०० होतात. बरोबरी साधावयाची तर आणखी पावणेचार लाखांच्या जवळपास वजावटी हव्यात. घराच्या कर्जाचें मोठें व्याज किंवा भाड्याच्या घराची सूट असल्याखेरीज ही खिंड ओलांडतां येत नाहीं. आणि पगारदाराचें वेतन पावणेतेरा लाखांच्या आंत असेल तर त्या वर्षीं नव्या पद्धतींत करच लागत नाहीं. त्यानें पावत्या शोधण्यांत रविवार घालवूं नये.

कर्ज काढून शिकविण्याची गोष्ट निराळी. कलम ८० ई खालीं उच्च शिक्षणाच्या कर्जाचें व्याज, मुद्दल नव्हे, कितीही असलें तरी वजा होतें, अर्थात् जुन्या पद्धतींत. कर्ज बॅंकेचें किंवा मान्य संस्थेचें हवें. घरांतल्या घरांत घेतलेलें चालत नाहीं. तें स्वतःच्या, पति वा पत्नीच्या, मुलांच्या, किंवा ज्याचे आपण कायदेशीर पालक आहोंत अशा विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठीं असावें. पितृहीन पुतण्याचे काका म्हणतील, ‘मग मी पालक होतों.’ पण अज्ञानाचें पालकत्व अठराव्या वर्षीं संपतें, आणि कॉलेज त्याच सुमारास सुरू होतें!

म्हणून आमच्या उदाहरणांतील घरानें कर्ज पुतण्याच्याच नांवें काढावें आणि काकांनीं फार तर जामीन राहावें, असें आम्ही सुचवूं. नोकरी लागल्यावर तो आपल्या पगारांतून व्याज भरील तेव्हां वजावट त्यालाच मिळेल. वजावटीचीं वर्षें मात्र आठ, आणि तीं मोजूं लागतात व्याजाचा पहिला भरणा केलेल्या वर्षापासून. शिकत असतांनाच व्याज भरावयास आरंभ केला तर चार वर्षें कमाईच्या आधींच खर्ची पडतात. ह्यावरून ‘तोंवर एक पैही भरूं नका’ असा सल्ला देणारे आहेत. तो आम्हांस मान्य नाहीं. साचत गेलेल्या व्याजानें कर्जाचा फुगवटा होतो, त्यापुढें करांतील बचत किरकोळ ठरते. ऐपत असेल त्यानें भरीत जावें.

आतां कायद्याच्या ह्याच अरुंद दृष्टीची दुसरी बाजू पाहा. केंद्राच्या नियमांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठीं कुटुंब म्हणजे विद्यार्थी, आईबाप, अठरा वर्षांखालील भावंडें आणि विवाहित असल्यास पति वा पत्नी व लहान मुलें, एवढेंच. काकांचा पगार त्यांत येत नाहीं. एका चुलीवर जेवतो म्हणून पुतण्याचा हक्क बुडत नाहीं. मर्यादा वार्षिक ८ लाखांची आहे. प्राप्तिकरांतून सुटणारें शेतीचें उत्पन्न येथें मात्र मोजलें जातें, आणि केंद्राच्या दाखल्यास पांच एकर शेतजमिनीचीही अट आहे. सातबारावर तिघां भावांचीं नांवें एकत्र असतील तर थोरल्यांचा वाटा किती हें तहसीलदाराच्या कचेरींत आधींच स्पष्ट करून घ्यावें. प्रवेशाच्या आठवड्यांत तें होत नाहीं.

राज्याच्या राजर्षि शाहू महाराज शिष्यवृत्तींत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण-शुल्कापैकीं निम्मा भार सरकार उचलतें. घरांतील मुलींसाठीं तर ८ जुलै २०२४ चा शासननिर्णय मुद्दाम वाचावा. व्यावसायिक अभ्यासक्रमास शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेंतून गेलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गांतील मुलींचें पूर्ण शिक्षण-शुल्क व परीक्षा-शुल्क २०२४-२५ पासून माफ झालें आहे. उत्पन्नाची मर्यादा तीच. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून प्रवेश घेतला कीं ही सवलत गेली. ‘मुलीला जवळचेंच साधें कॉलेज पुरे’ असें ज्या घरांत अजून म्हणतात, त्यांना खर्चाची सबब आतां पूर्वीसारखी सांगतां येणार नाहीं.

अज्ञान मुलाच्या नांवावरील ठेवीचें व्याज ज्या पालकाचें उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नांत मिळवितात; परंतु मुलानें स्वतःच्या हातच्या श्रमानें किंवा कौशल्यानें मिळविलेलें धन त्याचें स्वतंत्र मानतात. ज्या वर्धेंत ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षणपरिषदेपुढें महात्माजींनीं मुलांच्या हातच्या उद्योगांतून शाळेचा खर्च निघावा ही कल्पना मांडली, त्या गांवीं हा अपवाद वाचून आम्हांस गंमत वाटली.

परदेशीं असलेल्या आमच्या वाचकांसाठीं एक टीप. अमेरिकेंत शिक्षणाची सवलत उत्पन्नांतून नव्हे, थेट करांतून मिळते : पदवीच्या पहिल्या चार वर्षांत वर्षाकांठीं अधिकांत अधिक २,५०० डॉलर, तीही ठराविक उत्पन्नाच्या आंतील लोकांस. विद्यार्थी दुसऱ्याचा अवलंबित ठरला तर ती त्याला नव्हे, ज्यानें त्याला अवलंबित दाखविलें त्याला मिळते. आणि चोवीस वर्षांखालील पूर्णवेळ विद्यार्थी वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ आपल्या घरीं राहत असेल व स्वतःचा निम्म्याहून अधिक खर्च स्वतः चालवीत नसेल, तर मुलाबरोबर भाऊबहिणींचीं मुलेंही त्या व्याख्येंत बसूं शकतात. पुतण्या तेथील नागरिक किंवा रहिवासी मात्र हवा. नुकताच विद्यार्थी-परवान्यावर गेलेला सामान्यतः चालत नाहीं. आणि वर्धेस शिकणाऱ्या भारतीय पुतण्याची फी न्यू जर्सींतून धाडणाऱ्या काकांना तेथेंही कांहीं मिळत नाहीं.

जुन्या पद्धतींत राहणारांनीं कॉलेजकडून पावती घेतांना शिक्षण-शुल्काची रक्कम निराळी लिहून घ्यावी. विकास-शुल्क व देणगी कायद्यानेंच वगळलेली आहे. वसतिगृह आणि खाणावळ हें शिक्षण-शुल्क नव्हे. शिकवणीवर्गांची फीही धरतां येत नाहीं. एकच ठोक आंकडा लिहिलेली पावती पुढें हिशेब तपासणाराच्या हातीं गेली, तर त्यांतून शुल्क कोणतें व देणगी कोणती हें सिद्ध करण्याचें काम बापाच्याच अंगावर येतें.