आंकडा व त्याचें साल

परीक्षेच्या भीतीनें आमचे विद्यार्थी आंकडे पाठ करितात. परंतु तो आंकडा केव्हां व कशावरून निघाला, हें क्वचितच कोणी विचारितो. हा दोष लहान नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ आम्ही फार दूरचा एक साक्षीदार पुढें आणितों.

ययाति तारकासमूहाच्या दिशेस, सुमारें २४ कोटि प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक मोठा थवा आहे. त्यांत एन्. जी. सी. १२७७ ही भिंगाकार दीर्घिका आहे. मसुराचा दाणा कडेनें पाहावा तसा तिचा घाट. १८७५ सालीं लॉरेन्स पार्सन्स यांनीं ती प्रथम पाहिली. आकारानें ती आपल्या आकाशगंगेच्या चतुर्थांशाएवढी, पण तारे मात्र दुप्पट! तेही बहुतेक सारे वृद्ध. सुमारें १० अब्ज वर्षांपूर्वीं भराभर जन्मले, आणि मग त्या घरांत पाळणा म्हणून हालला नाहीं.

२०१२ सालीं कांहीं ज्योतिर्विदांनीं हिच्या मध्यभागींच्या ताऱ्यांचे वेग मोजून तेथें १७ अब्ज सूर्यांएवढें कृष्णविवर असल्याचें जाहीर केलें. म्हणजे साऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाचा जवळजवळ सातवा हिस्सा! २०१३ सालीं दुसऱ्यांनीं तो पुरावा पुन्हां तपासला, तों आंकडा ५ अब्जांवर उतरला. २०१६ सालीं अधिक सूक्ष्म निरीक्षणें झालीं. त्यांत एका गटास पुन्हां ५ अब्जांच्या जवळपास, तर दुसऱ्यास अवघे सव्वा अब्ज आढळले. इतक्या दुरून ताऱ्यांचें वजन कोणतें व अंधारांतील वस्तूचें कोणतें, ही वांटणी करणें फार नाजूक काम आहे. यांत लबाडी कोणाचीच नाहीं.

येथें एकादे पालक म्हणतील, “मग मुलानें कोणतें उत्तर लिहावें? गुण तर एकाच उत्तरास मिळणार.” ही अडचण आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं; शिष्यवृत्ति हुकली तर पुष्कळ घरांचें गणित बिघडतें. तरी ‘१७ अब्ज’ एवढेंच लिहिणारा आणि ‘२०१२ सालीं १७ अब्ज, पुढें पुष्कळ कमी’ असें लिहिणारा, या दोघांस सारखेंच तोलणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. दुसऱ्यानें विचार केला आहे. विद्यार्थ्यांनीं वहींत प्रत्येक मोजलेल्या आंकड्याशेजारीं साल लिहावें, व शिक्षकांनीं त्या सालास निदान अर्धा गुण द्यावा. येत्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेंत असा एक प्रश्न घालून पाहण्यास हरकत नसावी.