गोव्याचे दोन पाहुणे

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की पुसदहून गाड्या भरून मंडळी गोव्याला निघतात. परतलेल्यांना ‘काय पाहिले?’ असे विचारावे, तर समुद्र, चर्च आणि स्वस्त दारू यांपलीकडे यादी जात नाही. चार दिवसांच्या सहलीत माणसाने याहून अधिक काय पाहावे, असा प्रतिप्रश्न केला जातो. त्याचे उत्तर समाजवादी चळवळीच्या इतिहासातच आहे.

१९४६ च्या एप्रिलमध्ये डॉ. राममनोहर लोहिया ब्रिटिशांच्या तुरुंगातून सुटले. प्रकृती खालावली होती. जूनमध्ये विश्रांतीसाठी ते असोळणे येथे आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी गेले. म्हणजे तेही पाहुणेच होते, आणि आरामासाठीच गेले होते. परंतु या पाहुण्याने भेटीस येणाऱ्या गोवेकरांना त्यांच्या जगण्याविषयी विचारले. साधी सभा घेण्यास वा पत्रक छापण्यासही सालाझारशाहीची परवानगी लागते, हे त्यांना समजले. १८ जून रोजी मडगावात ती बंदी मोडून ते सभेस उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. काही दिवसांच्या मुक्कामात काय पाहता येते, याचा हा दाखला आहे.

आमचा आक्षेप सहलीला नाही. कष्टकऱ्यालाही समुद्र पाहण्याचा हक्क आहे. आक्षेप आहे तो एका प्रदेशाला बाजारपेठ समजण्याच्या वृत्तीला. यवतमाळकरांना तर हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपल्या जिल्ह्याचे नाव काढले की बाहेरचा माणूस ‘शेतकरी आत्महत्या’ एवढेच म्हणतो, आणि आपण मनातून दुखावतो. येथे माणसे राहतात, लढतात, तांड्यांवर होळीची गाणी गातात, हे त्याच्या गावीही नसते. मग गोव्याला एका बाटलीत कोंबताना आपण वेगळे काय करतो?

दुसरी वृत्ती अधिक प्रतिष्ठित आहे, म्हणून अधिक घातक. ‘गोवा आपलाच’ असे म्हणणारे सुशिक्षित आजही भेटतात. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. एकटा यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरांचा. एवढ्याशा प्रदेशाला स्वतंत्र राज्य कशाला, असा त्यांचा सवाल असतो. त्याचा निवाडा १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने केला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. त्या वेळी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी पुसदचे वसंतराव नाईक होते. लहान प्रदेशाने मोठ्या शेजाऱ्याला मतपेटीतून नकार दिला, आणि तो लोकशाहीत शिरोधार्यच मानला पाहिजे. पुढे १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, शासकीय कामकाजात मराठीलाही स्थान मिळाले, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले.

मग गोव्यात पाहावे काय? १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा कोणासाठी झाले, हे एखाद्या खेड्यात बसून विचारावे. यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध सत्तरच्या दशकात लढलेल्या रापणकारांच्या किनाऱ्यावर पहाटे जावे. ज्या लोहखनिजाचे उत्खनन २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवले, त्याने डोंगरांचे आणि शेतांचे काय केले ते पाहावे. खाणी बंद पडल्यावर मजुराच्या चुलीचे काय झाले, हेही विचारावे. किनाऱ्यावर मण्यांच्या माळा विकणाऱ्या, कर्नाटकातून आलेल्या लमाणी बाया भेटतील. त्यांची बोली आपल्या तांड्यांवरच्या माणसाला परकी वाटणार नाही. पण आपला पर्यटक त्यांच्याशी केवळ भावाची घासाघीस करतो!

महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेल्या शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आखणीत आरंभ आहे पवनार आणि शेवट पत्रादेवी. वाटेत आपला यवतमाळ जिल्हा. या रस्त्याखाली कोणाच्या जमिनी जाणार, हा प्रश्न शेतकऱ्यांनी उभा केलाच आहे. आम्ही येथे दुसरा प्रश्न विचारतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी भारतभरातून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी पंजाबचा तरुण कर्नेलसिंग याच पत्रादेवीला धारातीर्थी पडला. मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय गोळ्या लागूनही हातातला तिरंगा सोडीनात. वेगवान मोटारींतून जाणाऱ्यांपैकी किती जण तेथे क्षणभर उतरतील?

निदान आपल्या कार्यकर्त्यांनी तरी उतरावे. पुढल्या सुट्टीत गोव्याला जाल तेव्हा पहिला मुक्काम पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी करा, दुसरा मडगावच्या लोहिया मैदानावर. समुद्र त्यानंतर पाहिला तरी चालेल.