उन्हाळी प्रकल्पांचे श्रेयांक आणि गावाचा वाटा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची उन्हाळी सुटी ही निव्वळ सुटी राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या वा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबवणाऱ्याला प्रमाणपत्र किंवा पदविका मिळण्यासाठी उन्हाळी सत्रात वा उमेदवारीतून चार श्रेयांक मिळवावे लागतात. चौथ्या वर्षी संशोधनासह पदवी घेणाऱ्यासाठी बारा श्रेयांकांचा प्रकल्प आहे. 2018 च्या स्वच्छ भारत उन्हाळी उपक्रमात शंभर तासांच्या कामासाठी दोन श्रेयांकांची सोय होती. प्रवास, संशोधन आणि सेवा यांना पदवीत स्थान मिळाले, हे स्वागतार्हच आहे. प्रश्न एवढाच, की या हिशेबात गावाच्या खात्यावर काय जमा होते?

बंगळुरूच्या उत्तरेला असलेल्या देवनहळ्ळीचे उदाहरण घेऊ. टिपू सुलतानाचे हे जन्मस्थान. येथील पपनसाला भौगोलिक मानांकन आहे. 2008 मध्ये जवळच आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि जमिनीचे अर्थकारण बदलले. चन्नरायपट्टण होबळीतील 1,777 एकर जमिनीच्या संपादनाविरुद्ध शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ लढले. 15 जुलै 2025 रोजी कर्नाटक सरकारने माघारीची घोषणा केली. शिवाय या परिसरातील तलावांत बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जाते. कायदा, अर्थशास्त्र, भूजलशास्त्र, समाजशास्त्र अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला याहून जिवंत वर्ग कोठे मिळणार?

परंतु हा वर्ग भरतो तो सुटीच्या वेळापत्रकाप्रमाणे. मे महिन्यात मोजलेली विहिरीची पातळी पावसाळ्यानंतरच्या मोजणीशी ताडून पाहिली नाही, तर तिच्यावरून भूजलाबद्दल फारसे काही ठरवता येत नाही. जमिनीच्या वादात गुंतलेल्या शेतकऱ्याने परक्याला दिलेले उत्तर पहिल्या भेटीत एक असते आणि ओळख झाल्यावर दुसरे. त्यातून अहवाल इंग्रजीत लिहिला गेला, तर ज्यांनी आपला वेळ आणि माहिती दिली, त्यांनाच तो वाचता येत नाही.

यावरचा उपाय आपल्याला अपरिचित नाही. 1969 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत सात दिवसांच्या शिबिराबरोबरच दोन वर्षांत 240 तासांचे नियमित काम अपेक्षित आहे. उन्नत भारत अभियानातही संस्थांनी गावे दत्तक घ्यावीत, अशी कल्पना आहे. सातत्याचे हे तत्त्व उन्हाळी श्रेयांकांना लागू करावे, असे मला वाटते. विद्यार्थी दरवर्षी बदलतील. गाव, विहिरी आणि प्रश्नावली मात्र किमान पाच वर्षे त्याच राहाव्यात. अहवाल प्रथम ग्रामपंचायतीसमोर स्थानिक भाषेत वाचला जावा आणि त्यानंतरच श्रेयांक द्यावेत.

आणखी एक बाब. सुटीत काम करून शुल्काची तजवीज करणाऱ्या विद्यार्थ्याला विनावेतन प्रवास परवडत नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान उमेदवारी योजनेत सुरुवातीला कंपन्यांत काम शिकणाऱ्यांना दरमहा 5,000 रुपये ठरले होते, पण पूर्णवेळ शिकणारे तिच्या कक्षेबाहेर होते. गावात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही अशी तरतूद व्हायला हवी. अन्यथा अनुभवाधिष्ठित शिक्षण ही सुस्थित घरांचीच मिरास ठरेल आणि ज्या गावांतून पहिल्या पिढीचे विद्यार्थी येतात, तीच गावे इतरांच्या अभ्यासाचा विषय म्हणून उरतील.